एएच्या पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडायची म्हणून आमच्या ओपीडीत आलेल्या माणसाला मी डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत एक कागद देते. त्याच्या घराच्या आसपास एएच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या माणसांच्या, मीटिंग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता भरतात ते त्यावर लिहिलेलं असतं. पुढच्या तारखेला माणूस येतो तेव्हा गोळ्या वेळेवर घेतलेल्या असतात, कागद मात्र पाकिटात घडी न मोडता पडून असतो. विचारलं की कारणं कळतात. "जागाच सापडली नाही, मॅडम." "गेटपर्यंत गेलो, पण आत ओळखीचं कोणी निघालं तर?" "तिथं जाऊन बोलायचं काय?" तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे, एएची सदस्य नाही. पण ज्यांत कोणीही येऊन बसू शकतं अशा ओपन मीटिंगांना मी बरीच वर्षं जाते आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्यांची दारू सुटली आणि सुटलेली राहिली, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे कधीही फोन करता येईल अशी दोन-चार माणसं होती, आणि ती माणसं स्वतः एके काळी पिणारी होती. मीटिंगला जायचं ते ही माणसं मिळवायला. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन या गावी, बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब नावाचा सर्जन भेटले. दोघेही दारूपायी पार धुऊन निघालेले. एकमेकांशी बोलत राहिलो तर आजचा दिवस न पिता जातो, एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून हे काम वाढलं. भारतात एए १९५७ पासून आहे. प्रवेश फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, हजेरीपट नाही. सदस्य व्हायला एकच अट आहे, दारू थांबवण्याची इच्छा. ती पक्की असायलाही हवी असं नाही. बायकोने ढकलून पाठवलेले, साहेबाने शेवटची तंबी दिलेले, असे कितीतरी लोक पहिल्यांदा आले ते मनाविरुद्धच.

याचा खरंच उपयोग होतो का, असं नातेवाईक विचारतात. कोक्रेन या संस्थेने २०२० साली जगभरातले २७ अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती, एकत्र तपासली होती. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार, दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित समुपदेशन पद्धतींपेक्षा सरस ठरले. सगळ्यांना लागू पडेल असं औषध जगात नाही, हेही नाही. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा पुरावा चांगलाच भक्कम आहे.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

हा भाग घाईत वाचू नका. रोज पिणारा माणूस, विशेषतः सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घेणारा, एकदम थांबला तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, धडधड, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. घरचे याला "बाहेरचं काहीतरी" समजून भगताकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. हे लक्षण दिसलं की रुग्ण थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचा.

म्हणून पूर्वी सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, रोजचं प्रमाण मोठं असेल, कावीळ किंवा यकृताचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएम, जे. जे., पुण्यात ससून, इथेही आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून "दारू सोडायची आहे" एवढं सांगितलं तरी चालतं. कुठे जावं तेच कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १४४१६, टेलिमानस. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

औषधं चालू असताना मीटिंगला जाता येतं, जावंच. एए स्वतः औषध देत नाही, रुग्णाला भरती करून घेत नाही, प्रमाणपत्र देत नाही. मीटिंगमध्ये एखादा उत्साही सदस्य "त्या गोळ्याबिळ्या सोडून दे, कार्यक्रमावर विश्वास ठेव" असं म्हणाला तर त्याचं ऐकू नका. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, हे एएचंही म्हणणं आहे.

आणखी एक. "पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा" अशा पाट्या एसटी स्टँडवर, विजेच्या खांबांवर दिसतात. चहात, भाजीत मिसळायच्या त्या पुडीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब घसरून जीव जाऊ शकतो. डॉक्टर ते औषध देतात तेव्हा रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने देतात. चोरून काहीही खाऊ घालू नका.

मीटिंग शोधायची कुठे

भारतातल्या एएचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्याच्या वेबसाइटवर राज्यवार, शहरवार संपर्क मिळतात. मोठ्या शहरांत तिथल्या समूहांचं मिळून एक इंटरग्रुप असतं, त्याचा हेल्पलाइन क्रमांक असतो. गूगलवर आपल्या शहराचं नाव आणि "एए मीटिंग" असं मराठीत किंवा इंग्रजीत टाकलं तर बहुधा हाच क्रमांक वर येतो. मात्र त्याच पानावर पैसे भरून वर आलेल्या खासगी केंद्रांच्या जाहिरातीही असतात. समोरच्याने पॅकेज, डिपॉझिट, "गाडी पाठवतो, घेऊन जातो" अशी भाषा सुरू केली की समजा, हा एएचा फोन नव्हे.

इंटरनेट नको असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाला विचारा. आमच्या टेबलाच्या काचेखाली यादी असतेच. मुंबईत, वसईत, गोव्यात चर्चच्या कार्यालयातही ठाऊक असतं, कारण कितीतरी समूह चर्चच्या हॉलमध्ये भरतात. त्याचा धर्माशी संबंध नाही. जागा स्वस्तात किंवा फुकट मिळते म्हणून चर्च, तशाच म्युनिसिपालिटीच्या शाळा, समाजमंदिरं, दवाखान्याच्या खोल्या.

परदेशात असाल तर मीटिंग गाइड नावाचं मोफत अॅप आहे. अमेरिका-कॅनडात आपण उभे आहोत तिथून जवळची मीटिंग ते दाखवतं. मन मोकळं करायला मराठीच हवी असेल तर इथल्या ऑनलाइन मीटिंगना तिकडूनही बसता येतं, फक्त वेळेचा हिशेब आधी करून ठेवा. भारतात संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे नऊ किंवा दहा.

फोन

हेल्पलाइन उचलणारा माणूस पगारी कारकून नसतो. तो स्वतः दारूतून बाहेर आलेला सदस्य असतो आणि आपली पाळी म्हणून फोनवर बसलेला असतो. तुम्ही काय बोलणार हे त्याला तुमच्याआधी कळतं. तरी तोंडातून शब्द फुटत नसेल तर एवढंच म्हणा:

"नमस्कार. मला दारूचा त्रास आहे. मी अमुक भागात राहतो. मला मीटिंगला यायचंय, पहिल्यांदाच."

नाव पूर्ण सांगायची गरज नाही. मग चार गोष्टी विचारून लिहून घ्या. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, भाषा कोणती, या आठवड्यात नक्की भरणार आहे का, आणि गेटवर मला भेटायला कोणी येईल का. शेवटचा प्रश्न लोक भिडेखातर विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात कामाचा. "हो, मी स्वतः येतो, शाळेच्या गेटशी उभा राहतो, निळा शर्ट" असं उत्तर आलं की अर्धी भीती तिथेच जाते. दारापर्यंत जाऊन परत फिरलेल्या माझ्या रुग्णांपैकी कितीतरी जण दुसऱ्या खेपेला आत गेले ते गेटवर कोणीतरी उभं होतं म्हणून.

क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारूचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, माझ्यासारखे लोकही बसू शकतात. एकट्याने जायचा धीर नसेल तर पहिली ओपन धरा, बायकोला, भावाला, मित्राला सोबत घ्या.

"नक्की भरणार का" हे विचारायचं कारण असं, की शाळेला सुट्टी लागली, निवडणुकीसाठी शाळा ताब्यात गेली, हॉलमध्ये लग्न आलं, की समूह दुसरीकडे बसतो. वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते. ठरवून निघालेला माणूस बंद कुलूप बघून परतला की पुन्हा निघायला महिने लागतात.

ओळखीचं कोणी भेटेल याची भीती असेल तर सुरुवातीला दोन-चार स्टेशनं लांबची मीटिंग निवडा. डोंबिवलीचा माणूस ठाण्याला गेला तर कोणाला काय कळतंय. खरं म्हणजे आत ओळखीचं कोणी निघालंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. पुढे मात्र घराजवळची मीटिंग असलेली बरी. पावसात, लोकल बंद असताना, अंगात त्राण नसताना लांबचं जाणं आधी सुटतं.

त्या दिवशी

मीटिंग बहुतेक संध्याकाळी असतात, तास-दीड तासाच्या. रविवारी काही ठिकाणी सकाळी. कामावरून सुटल्यावर थेट जा. घरी जाऊन चहा घेऊन, जरा पडून मग निघतो, असं म्हटलं की निघणं होत नाही. जाण्याचा रस्ता नेहमीच्या बारवरून किंवा देशीच्या दुकानावरून जात असेल तर रस्ता बदला, वळसा पडला तरी.

पोटात काहीतरी असू द्या. भूक आणि तलफ एकमेकींत मिसळतात आणि कोणती कुठली ते कळत नाही. केळं, वडापाव, काहीही.

त्या दिवशी प्यायला असाल तरी जा. बहुतेक समूहांत आज प्यायलेल्याने बोलू नये, नुसतं ऐकावं, असा संकेत असतो. गोंधळ घातला नाही तर कोणी बाहेर काढत नाही. आधी सोडतो मग जातो, असा विचार करत बसाल तर तो दिवस येणार नाही. श्रावणात सोडणारी, गणपतीत न शिवणारी कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत. थांबता येतं त्यांना. दसऱ्यानंतर पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काय करायचं, हे ठाऊक नसतं, आणि मीटिंग त्यासाठीच आहे.

जागेवर मोठा बोर्ड शोधू नका. गेटला एखादा छोटा फलक किंवा नुसता बाण असतो. शाळेच्या वॉचमनला "एएची मीटिंग कुठल्या खोलीत?" असं विचारा. तो रोज सांगत असतो, त्याला काही वाटत नाही.

आत काय चालतं

तिथं कोणी काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. "इथे ऐकलेलं इथेच राहू द्या" हे ओपन मीटिंगला येणाऱ्यांनाही लागू आहे. खोली कशी असते ते मात्र सांगते. पालिकेच्या शाळेचा वर्ग, तिसरी-चौथीच्या पोरांचे बुटके बाक. साठीचे गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन त्यावर बसलेले. फळ्यावर दुपारचं गणित पुसायचं राहिलेलं, त्याच्यावरच दोरीने बांधलेला कापडी बॅनर, त्यावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूमुक्त राहण्यासाठी एकेक करत पार करायचा एएचा कार्यक्रम. टेबलावर पुस्तिका, एक घंटी, थर्मास. कोणीतरी लवकर येऊन पंखे लावतो, उदबत्तीही लावतो कधी. फॅक्टरीतला फिटर आणि बँकेतला मॅनेजर एकाच बाकावर असतात आणि एकमेकांना नावाने हाक मारतात.

सूत्रसंचालन करणारा सदस्य प्रास्ताविक वाचतो. मग "आज कोणी पहिल्यांदा आलंय का?" असं विचारतो. हात वर करा. जमलं तर नाव सांगा, नुसतं पहिलं. नाही जमलं तरी चालेल. पण हात वर केलात तर पुढचे लोक तुमच्याकडे बघून, तुमच्यासाठी बोलतात आणि मीटिंग संपल्यावर तुमच्याकडे येतात. कोपऱ्यात गुपचूप बसलेल्याला कोणी ओळखत नाही, तो तसाच निघून जातो.

मग एकेक जण उठतो किंवा बसल्या जागेवरून बोलतो. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे." बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. तो आपली गोष्ट सांगतो, याला शेअरिंग म्हणतात. दारू कशी वाढली, काय काय गमावलं, कसा आला, आता कसं चाललंय. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. काही जण रडतात. पुष्कळदा खोलीभर हसूही येतं, आणि नवीन माणूस बावचळतो, की अशा गोष्टीवर हसतात कसे. सगळ्यांनी तेच केलेलं असतं, म्हणून हसतात.

तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" असं म्हणून पुढे जाऊ द्या. कोणी आग्रह करत नाही.

ऐकताना एक होईल, ते आधीच सांगून ठेवते. मन फरक मोजायला लागेल. "हा तर सकाळपासून प्यायचा, मी फक्त रात्री पितो." "याची नोकरी गेली, माझी आहे." "हे देशीवाले, मी तर ब्रँडेड घेतो." माझ्या टेबलासमोर बसून "ते लोक फार वाया गेलेले आहेत, मॅडम, मी तसा नाही" म्हणणारे बरेच जण वर्ष-दोन वर्षांनी परत येतात, तेव्हा नोकरी गेलेली असते. फरक जाऊ द्या. कोणत्या वाक्याला पोटात कालवलं तेवढं लक्षात ठेवा. बायकोची पर्स उघडताना हात कापला असं कोणी म्हणालं आणि तुम्ही मान खाली घातलीत, तर तुमचं तिथलं काम झालं.

मध्येच एक पिशवी फिरते. खोलीचं भाडं, चहा, पुस्तिका यांचा खर्च सदस्य आपसांत दहा-वीस रुपये टाकून काढतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. नवीन माणसाने काही टाकायची गरज नाही, पिशवी पुढे द्या.

शेवटी सगळे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याची बुद्धी मागणारी. बोलण्यात "उच्च शक्ती" हा शब्द वारंवार येतो. कोणी त्याला विठ्ठल म्हणतो, कोणी येशू, कोणी अल्ला. देव न मानणारे या समूहालाच ती शक्ती धरतात. तुमचा देवावर विश्वास नसेल तर प्रार्थनेच्या वेळी नुसतं उभं राहा. एवढ्या एका कारणावरून परत येऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नास्तिक म्हणून आलेले आणि नास्तिकच राहून दारूमुक्त झालेले लोक तिथे आहेत.

संपल्यावर लगेच निघू नका

पहिल्या मीटिंगला आलेला माणूस प्रार्थना संपताच चपला घालून निघतो. तसं करू नका. पुढची पंधरा मिनिटं अख्ख्या मीटिंगइतकी महत्त्वाची आहेत, माझ्या मते जास्तच. कोणी चहाचा कप हातात देईल, कोणी खुर्च्या लावायला लागेल. तुम्हीही दोन खुर्च्या उचला. हाताला काम मिळालं की अवघडलेपण जातं. मग ज्याचं बोलणं आपलं वाटलं त्याच्यापाशी जा आणि म्हणा, "दादा, तुमचा नंबर मिळेल का?" तो वाटच बघत असतो. निदान तिघांचे नंबर घ्या, कारण एक फोन उचलणार नाही, एक गाडी चालवत असेल. बाईंनी बाईचा, पुरुषाने पुरुषाचा नंबर घ्यावा, ही तिथली जुनी आणि शहाणी रीत आहे.

नंबर घेऊन गप्प बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी, काही अडचण नसतानाच, फोन करा. "काल भेटलो होतो. आज ठीक आहे." एवढंच. ठीक असताना फोन करायची सवय लागली तर तलफ आल्यावर बोट त्या नंबरकडे जाईल. तलफ आली असताना अनोळखी माणसाला पहिला फोन करणं जवळजवळ अशक्य असतं. तलफ बहुधा वीस मिनिटं-अर्धा तास जोरात असते, मग उतरते. तेवढा वेळ कोणीतरी पलीकडून बोलत राहिलं की झालं.

पहिले तीन महिने

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग, असं एएत नवीन माणसाला सांगतात. मुंबई-पुण्यात ऑनलाइन धरून ते जमतं. शिफ्ट ड्यूटी करणाऱ्याला, खेड्यातल्याला जमणार नाही, त्याने आठवड्याला तीन तरी धराव्यात. एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखादा समूह म्हाताऱ्यांचा वाटेल, एखाद्यात एकच माणूस बोलत राहील, एखाद्यात इंग्रजी फार. निदान पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघा, मग एक आपला धरा. त्याला होमग्रुप म्हणतात. तिथे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जायचं, आणि एखादं काम मागून घ्यायचं, चहाचं, खुर्च्यांचं. तुम्ही आला नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे.

काही आठवड्यांनी स्पॉन्सर शोधा. स्पॉन्सर म्हणजे बराच काळ दारूमुक्त असलेला सदस्य, जो तुम्हाला बारा पायऱ्यांमधून हाताला धरून नेतो. गोड बोलणारा नको, वेळ देणारा बघा. पैसे उसने देणारा-घेणारा तर मुळीच नको. जमलं नाही तर स्पॉन्सर बदलता येतो, त्यात अपमान कोणाचा नाही.

कॅलेंडरवर धोक्याचे दिवस आधीच खुणा करून ठेवा. पगाराचा दिवस, गटारी, धुळवड, विसर्जनाची मिरवणूक, ३१ डिसेंबर, मित्राची हळद. गावची जत्राही. त्या दिवशी मीटिंग ठरवूनच ठेवायची, आणि तिथे जाणं टाळता येणार नसेल तर आधी एक फोन, परत आल्यावर एक फोन. ३१ डिसेंबरच्या रात्री खास मीटिंग भरवणारे समूह आहेत.

आणि प्यायली गेली तर? दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जा. लाज वाटून माणूस लपतो आणि एका रात्रीचे सहा महिने होतात. तिथे याला स्लिप म्हणतात आणि खोलीतल्या बहुतेकांना तिचा अनुभव असतो. हात वर करून "मी पुन्हा सुरुवात करतोय" म्हणा. मात्र सलग काही दिवस पिणं झालं असेल तर पुन्हा आधी डॉक्टर, वर सांगितलं त्याच कारणासाठी.

बायकांना

पिणाऱ्या बाईला दारापर्यंत पोहोचणं पुरुषापेक्षा कितीतरी अवघड आहे. घरचे लपवतात, शेजारी चघळतात आणि खोलीत तीस पुरुषांत ती एकटी. म्हणून फोन करतानाच "मला महिला सदस्याशी बोलायचंय" असं सांगा. हेल्पलाइनवाले जोडून देतात. मोठ्या शहरांत महिलांच्या वेगळ्या मीटिंग आहेत आणि ऑनलाइनही आहेत. कॅमेरा बंद ठेवून, नाव बदलून बसता येतं. भरती व्हायची गरज असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 'निशिगंध' हा खास महिलांसाठीचा विभाग आहे. पहिल्या काही मीटिंगला कोणा पुरुष सदस्याने फार सलगी दाखवली तर सरळ दुसऱ्या समूहात जा आणि भेटलेल्या महिला सदस्याला तसं सांगा.

घरच्यांना

तो मीटिंगला जात नसेल तरी तुम्ही जाऊ शकता. अल-अनॉन हे पिणाऱ्याच्या घरच्यांचं संघटन, १९५१ मध्ये एएच्या संस्थापकांपैकी बिलची पत्नी लोइस हिने एका मैत्रिणीसोबत सुरू केलेलं. किशोरवयीन मुलांसाठी अॅलटीन आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत. त्याच्या साहेबाला "ताप आलाय" असा खोटा फोन करायचा की नाही, बारचं उधार फेडायचं की नाही, पोरांना काय सांगायचं, आणि आपली झोप कशी परत मिळवायची, हे तिथल्या बायका एकमेकींना सांगतात. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' गट आहे.

एक मागणं आहे. तो मीटिंगवरून आला की "काय बोललास? माझ्याबद्दल काय सांगितलंस?" असं खोदून विचारू नका. जेवण वाढा. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

जवळपास मीटिंगच नसेल तर

तालुक्याच्या गावात हा प्रश्न हमखास येतो. मुक्तांगणचे पाठपुरावा गट राज्यातल्या अनेक शहरांत भरतात, पुण्याला फोन करून आपल्या जिल्ह्यातलं ठिकाण विचारा. वांद्र्यात सुरू झालेल्या कृपा फाउंडेशनची केंद्रं आहेत, तिथेही बारा पायऱ्यांवर काम चालतं. गडचिरोली जिल्ह्यात असाल तर 'सर्च' संस्थेच्या मुक्तिपथ अभियानाची तालुक्याला क्लिनिक आहेत. स्मार्टफोन आणि बरं नेटवर्क असेल तर मराठी ऑनलाइन मीटिंग आहेतच. शेतात, गच्चीवर, गाडीत बसून हेडफोन लावून ऐका. पंधरवड्यातून एकदा एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या, कारण पडद्यावरच्या माणसाला चहाचं विचारता येत नाही.

आणि गावात तुमच्यासारखा अजून एक जण असेल, दारू सोडू पाहणारा, तर नवा समूह सुरू करायला तेवढं पुरतं. जनरल सर्व्हिस ऑफिसला फोन केला की ते मराठी साहित्य कसं मागवायचं ते सांगतात आणि जवळच्या शहरातले जुने सदस्य पहिल्या काही मीटिंगना येऊन बसतात. ग्रामपंचायतीची खोली, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, जागा कोणतीही चालेल, वार आणि वेळ मात्र ठरलेली ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना ती वेळ कळवा. कोणाच्या घरात दारू आहे हे आशाताईंना आधीच ठाऊक असतं.